संत पारास्केवी आणि कोटातला माणूस

लिसांद्रोसनं संत पारास्केवीचा मुका घेतला आणि भोंगा वाजला. दोन्ही गोष्टी इतक्या लागोपाठ झाल्या की क्षणभर त्याला वाटलं, तीच ओरडली. या माणसाचे ओठ लागल्यावर कुठल्याही सभ्य बाईनं ओरडावं यात नवल नव्हतं. पण ओरडत होतं ते वरच्या कोपऱ्यातलं पांढरं डबडं. तसबिरीसमोरचा जाड दोर त्याच्या पोटानं पुढे ढकलला गेला होता आणि दोराचा पितळी खांब अजून डुलत होता. मागे जर्मन पर्यटकांचा घोळका होता, त्यातल्या एका बाईनं फोटोही काढला होता. लिसांद्रोस सरळ झाला. ओठांवर जुन्या लाकडाचा थंडगार, किंचित खारट स्पर्श राहिला होता. तो पुसावा की नाही हे त्याला ठरवता येईना. पुसला तर बाईचा अपमान, न पुसला तर स्वतःचा. उजवा हात अजून छातीपाशीच होता, तीन बोटं जुळवलेली. म्हणजे क्रुसाची खूणही करून झाली होती. कधी केली? कुणी केली? त्यानं त्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुकानात कुणी विसरून गेलेला हात असावा.

"दाजी!" संग्रहालयाचा निळा गणवेश घातलेली कालिओपी धावत आली. ती अर्गिरोची, म्हणजे लिसांद्रोसच्या बायकोची, चुलत बहीण. चर्चचं संग्रहालय झाल्यापासून ती इथं पहारेकरीण होती. तिनं भिंतीवरची कळ दाबली, भोंगा गप्प झाला, आणि जुन्या घुमटाखाली अचानक इतकी शांतता पसरली की सगळ्यांना आपापले बूट ऐकू यायला लागले. "दाजी, तुम्ही? मुका?"

"तोल गेला," लिसांद्रोस म्हणाला.

"ओठांवर?"

थेस्सालोनिकीच्या वरच्या जुन्या वस्तीत, अनो पोलीच्या चढावरच्या कॉफीच्या दुकानात गेली पन्नास वर्षं लिसांद्रोस शिंपी देव नाही हे सिद्ध करत आला होता. सोंगट्यांचा डाव मांडायचा, कॉफीचा पहिला घोट घ्यायचा, आणि समोरच्याला विचारायचं, "बरं, देवानं सहा दिवसांत जग केलं म्हणतोस, मग पहिल्या ट्रायलला कोण आलं होतं? मी एक पँट ट्रायलशिवाय देत नाही." लोक हसायचे. पाद्रीसुद्धा हसायचा, तोही त्याच्याकडूनच झगे शिवून घ्यायचा. दुसऱ्यांच्या लग्नात, बारशात लिसांद्रोस चर्चच्या दाराबाहेर सिगरेट ओढत उभा राहायचा. याच चर्चच्या बाहेर. आतून धुपाचा वास यायचा आणि तो तोंड फिरवून समुद्राकडे बघायचा. त्याचं स्वतःचं लग्न मात्र आत लागलं होतं, त्या काळात दुसरा मार्गच नव्हता. डोक्यावर लग्नाचा मुकुट घालून तो घुमटाच्या भेगा मोजत उभा होता, आणि शेवटी जेव्हा तसबिरीचा मुका घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं तो बोटभर अंतरावर हवेत घेतला. कुणाच्या लक्षात आलं नाही. अर्गिरोच्या आलं. ती न बोलता गोष्टी ठेवून देते, घडी घालून, कपाटात ठेवल्यासारख्या. मग भूकंपात चर्च तडकलं, बरीच वर्षं बंद राहिलं, आणि शेवटी सरकारनं ते सावरून त्यात जुन्या तसबिरींचं संग्रहालय केलं. लिसांद्रोस काही आत आला नाही. आधी देव होता म्हणून आला नव्हता, नंतर तिकीट होतं म्हणून आला नाही.

आणि आज आला तर हे. कालिओपीनं त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि जर्मनांना हातानं हाकललं. तो पाणी प्यायला आणि विचार करत राहिला की हे आपल्या अंगात कुणी ठेवलं. मान अशी वाकते, ओठ असे पुढे होतात, याला मेंदूची परवानगी लागत नाही? मग त्याला आईचे हात आठवले. काखेत धरून उचलणारे, स्वयंपाकाच्या सोड्याचा वास येणारे. ती त्याला प्रत्येक तसबिरीपुढे न्यायची, ओळखीच्या बायकांना भेटवल्यासारखी. "ह्या मावशीला दे. ह्या आजोबांना दे. त्यांना दाढी आहे म्हणून घाबरू नको." त्याच्या आधी मुका घेतलेल्या सगळ्या बायकांच्या ओठांचा ओलावा तिथं असायचा आणि त्याला शिसारी यायची. पण आई मान दाबायची. हीच पारास्केवी होती तेव्हाही. लांब नाक, तपकिरी पदर, आणि एका ताटलीत ठेवलेले दोन डोळे. ताटलीतले डोळे पाहून तो रात्री झोपायचा नाही. आई म्हणायची, "अरे, ते तिचे नाहीत, आपले आहेत. ती सांभाळते." त्याला ते अजिबात बरं वाटलं नव्हतं. आपले डोळे आपल्याकडेच असावेत असं त्याला तेव्हाही वाटायचं.

"ताई बरी आहे ना?" कालिओपीनं विचारलं. "आज दुपारी ना ऑपरेशन?"

"दुपारीच. जायला तयार झाली तर."

सकाळपासून अर्गिरो पलंगाच्या कडेला बॅग मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, उजव्यातला तर इतका की आता आणखी थांबलात तर डोळा हाती लागणार नाही, असं डॉक्टरनं लिसांद्रोसला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तीन वेळा तारीख मिळाली होती. तीन वेळा ती ऐनवेळी अडून बसली होती. कधी गुडघा, कधी उपास, कधी नुसतंच "आज नको". या खेपेस तिनं कारण सांगितलं. उशीखालून रुमालात घट्ट बांधलेली पुरचुंडी काढली आणि म्हणाली, "हे पारास्केवीला बांधून ये. आणि तिचा मुका घे. खरा. मग मी येते."

"अगं, तिथं आता संग्रहालय आहे."

"ती आहे ना तिथं?"

"तसबीर आहे."

"तेच म्हणते मी."

पुरचुंडी बोटांना पातळ आणि कडक लागत होती. चांदीचा पत्रा. उघडून बघायची गरज नव्हती. पारास्केवी डोळ्यांची संत, अर्गिरोचे डोळे गेलेले, म्हणजे आत नवसाचे चांदीचे डोळे असणार, बाजारात धूप-मेणबत्त्यांच्या दुकानात दोऱ्याला टांगलेले असतात तसले. लिसांद्रोसनं ती कोटाच्या खिशात टाकली, मुका याही खेपेस हवेतच घ्यायचा असं ठरवलं, आणि जिना उतरताना नेहमीप्रमाणे मनातल्या मनात वाद घालायला सुरुवात केली. पण वाद जमेना. कारण ते डोळे कशानं गेले हे त्याला माहीत होतं. डॉक्टर म्हणाला, वयानं. म्हणो बापडा. लिसांद्रोसच्या दुकानात कोट तो कापायचा, शिवायचा, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर बसवायचा, आणि वाहवा घ्यायचा. काजं अर्गिरो करायची. घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत, काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं. अख्ख्या थेस्सालोनिकीत तिच्यासारखी काजं नव्हती आणि हे लिसांद्रोसनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक काजावरून बोट फिरवून म्हणायचं, "हात आहे बुवा तुमचा!" आणि लिसांद्रोस मान लववायचा. एकदा ती म्हणाली होती, काळ्यावर काळं दिसत नाही रे आता. तो म्हणाला होता, खिडकीजवळ सरक. ती सरकली होती. चढ चढताना या एका वाक्याची त्याला इतकी लाज वाटली की तो मध्येच थांबून एका फाटकाला धरून उभा राहिला. शेजारून जाणाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला धाप लागली. हृदयात जाळी बसवलेली आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"बांधायला आलोय," तो कालिओपीला म्हणाला आणि खिशावर थोपटलं.

कालिओपीचा चेहरा उतरला. "दाजी, इथं नाही हो बांधू देत. माझी नोकरी जाईल. वर बाईंना विचारा. पण त्या नाहीच म्हणतील, आधीच सांगते."

बाई वर नव्हत्या, खालीच आल्या, भोंगा ऐकून. संग्रहालयाच्या प्रमुख मिर्सिनी. वय फार तर पस्तीस, केस आखूड, गळ्यात ओळखपत्र, हातात पांढरे सुती मोजे. त्यांनी आधी तसबिरीच्या गालाशी वाकून पाहिलं, काही ओलं राहिलंय का, आणि मग लिसांद्रोसकडे वळल्या. "आजोबा, काही हरकत नाही, अशा चुका होतात. रोज कुणीतरी करतंच. पण पुन्हा नको."

'आजोबा' हे लिसांद्रोसला टोचलं. त्याचे नातू मेलबर्नला होते आणि तेसुद्धा त्याला नावानंच हाक मारायचे. "पुन्हा नको म्हणजे? मुका झाला. आता बांधायचं राहिलंय." आणि त्यानं पुरचुंडी दाखवली.

"नाही हो. ती कलाकृती आहे. सहाशे वर्षांची."

"बाईमाणसाचं वय काढू नका, बाई."

कालिओपी फिस्सकन हसली आणि लगेच गंभीर झाली. मिर्सिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला जवळ नेऊन तसबिरीच्या सोनेरी वलयावरची बारीक भोकं दाखवली. लोकांनी नवसाचे पत्रे ठोकून ठोकून पाडलेली. एकेक भोक म्हणजे कायमचं नुकसान, त्या म्हणाल्या. लिसांद्रोसनं चश्मा वर करून भोकं बघितली. त्याला ती टाचण्यांच्या खुणांसारखी वाटली, शिलाई उसवल्यावर कापडावर राहतात तशी. आणि का कुणास ठाऊक, तो पेटला. "ही भोकं कुणी पाडली? आमच्याच बायकांनी. माझ्या आईनं पाडलं असेल यातलं एखादं. मला गोवर झाला होता. म्हणजे देणंघेणं आमचं आणि हिचं, मधे तुम्ही कोण? तुम्ही हिला दोराआड उभी केलीत, अंगावर दिवे सोडलेत, माणसं मागनं येऊन तोंडाकडे बघून जातात. कुणी काही आणत नाही, कुणी काही सांगत नाही. बाई माणसात बसलेली होती हो. तिला काय वाटत असेल?" तो बोलत होता आणि स्वतःच थक्क होऊन ऐकत होता. हे वाक्य कॉफीच्या दुकानात दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यानं त्याची सालं काढली असती.

मिर्सिनीबाई जरा मऊ झाल्या. "तुमची श्रद्धा मी समजू शकते."

"माझी कसली श्रद्धा?" लिसांद्रोस ओरडलाच. घुमटानं ते दोनदा परत म्हटलं. "माझा काडीचा विश्वास नाही! विचारा हिला!"

"नाहीये," कालिओपीनं साक्ष दिली. "पहिल्यापासून नाही."

"मग?"

"मग काय? माझा विश्वास नाही म्हणून बायकोचे डोळे जाऊ द्यायचे?"

लिसांद्रोसला घाम फुटला होता. त्याला एकदम कळलं की तो भीत होता. सकाळपासून, किंवा त्याच्याही आधीपासून. डॉक्टरनं बाजूला घेतलं तेव्हापासून. अर्गिरोला दिसेनासं झालं तर ती खिडकीत बसेल आणि काहीच करणार नाही, आणि तो तिच्यासमोर बसेल, आणि तिला तो दिसणार नाही. तिनं बघितल्याशिवाय आपण कसे दिसतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. सकाळी कोट घातला की ती बघायची आणि म्हणायची, जा. ते 'जा' गेलं वर्षभर ती अंदाजानं म्हणत होती.

"दाखवा तरी काय आहे ते," मिर्सिनीबाई हळूच म्हणाल्या.

रुमालाची गाठ सुटेना. अर्गिरोच्या गाठी कुणालाच सुटत नाहीत. शेवटी कालिओपीनं दातांनी सोडवली. आत डोळे नव्हते. तळहाताएवढा चांदीचा पत्रा होता आणि त्यावर ठोकून उठवलेला एक माणूस. उभा, समोरून, कोट-पँट-टाय घातलेला, दोन्ही हात प्रार्थनेला जुळवलेले. पुरुष बरा व्हावा म्हणून वाहतात तो. लिसांद्रोसनं आधी काय पाहिलं असेल तर कोट. कोट भयंकर होता. डावा खांदा पडलेला, कॉलर मानेपासून सुटलेली, बाह्या एक लांब एक आखूड. असला कोट घालून त्याच्या दुकानातनं कुणी बाहेर पडलं असतं तर त्यानं दुकानाला कुलूप लावलं असतं. मग त्याला प्रश्न पडला की हा कोण.

"दुकानदारानं चुकून दुसराच दिला," तो म्हणाला. "आंधळ्या बाईला फसवलं मेल्यानं."

कालिओपीनं तोवर अर्गिरोला फोन लावला होता, तो तिनं त्याच्यापुढे धरला. अर्गिरोचा आवाज पत्र्याच्या पेटीतून आल्यासारखा आला. "झालं का बांधून? मुका झाला ते मला कळलंय, कालिओपीनं आत्ताच सांगितलं. भोंगा वाजला म्हणे. बरं झालं, साक्षीदार झाले."

"अर्गिरो, हे डोळे नाहीत. माणूस आहे."

"मग? माणूसच आहे. तूच आहेस तो."

लिसांद्रोस खुर्चीवर बसला. फोनमधून ती शांतपणे सांगत होती, भाजीचे भाव सांगावेत तशी. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला हॉस्पिटलात आत नेलं आणि दार लावलं. बाकावर बसून ती पारास्केवीला म्हणाली होती, हा जिवंत बाहेर येऊ दे, तो स्वतःच्या पायांनी तुझ्याकडे येईल आणि तुझा मुका घेईल, हवेत नाही, खरा. तो बाहेर आला. "आणि तू डॉक्टरला कोट शिवून दिलास. तिला काय दिलंस? मला सांगता येईना, तू कॉफीच्या दुकानात जाऊन सगळ्यांपुढे हसला असतास. आता माझ्या डोळ्यांचं आलंय. आधीचा नवस फेडलेला नाही आणि त्या दारात आणखी काही घेऊन कशी जाऊ मी? मला लाज आहे."

"पण ती डोळ्यांची संत आहे," लिसांद्रोसला एवढंच सुचलं. "हृदयाचं तिच्याकडे कसं काय..."

"शेजारीण आहे ती माझी. शेजारणीला काय तिचं खातं कोणतं ते विचारतात होय? आणि ऐक, टॅक्सी बोलावून ठेवलीय मी."

फोन बंद झाला. मिर्सिनीबाई हातमोजे काढून उभ्या होत्या आणि घुमटाकडे बघत होत्या. जर्मन परत जमले होते. त्यांच्या वाटाड्यानं बहुधा हेही दाखवण्यातलंच काहीतरी आहे असं सांगितलं असावं. लिसांद्रोसच्या हातात तो स्वतः होता, पडक्या खांद्याचा, हात जोडलेला. जिवंत राहिल्याचं श्रेय त्यानं दोन वर्षं डॉक्टरला, जाळीला आणि आपल्या मूळच्या दणकट प्रकृतीला वाटून दिलं होतं. त्या बाकावर कुणी बसलेलं होतं हे त्यानं कधी हिशेबात धरलं नव्हतं. अंधारल्या डोळ्यांनी बाजारात जाऊन, बोटांनी चाचपून, ती हा पत्रा घेऊन आली होती. आणि तो उशीखाली ठेवून झोपत होती. म्हणजे त्या पलंगावर तो रोज दोनदा झोपत होता, एकदा स्वतः आणि एकदा पत्र्यात, आणि त्याला एकदाही कळलं नव्हतं.

त्याची नजर खाली गेली. तसबिरीच्या चौथऱ्याला पुढून एक गर्द लाल मखमलीचं कापड लावलेलं होतं, पूर्वी चर्चमध्ये असायचं तसं. नवसाचे पत्रे तेव्हा बायका तसबिरीवर नाहीतर त्या कापडावर टाचायच्या. आल्यापासून ते त्याच्या डोळ्यांना खुपत होतं. कड यंत्रावर दुमडलेली, टाका ताणलेला, उजव्या कोपऱ्यात झोल. "हे पण सहाशे वर्षांचं का?" त्यानं विचारलं.

"हे? नाही, हे आम्हीच मागच्या वर्षी बाजारातनं आणलं. रिकामं दिसत होतं म्हणून."

"म्हणजे ही कलाकृती नव्हे."

"हे कापड आहे," मिर्सिनीबाई म्हणाल्या, आणि मग पुढचं त्यांना आपोआप दिसलं असावं, कारण त्या थांबल्या. कालिओपीकडे बघितलं. पत्र्याकडे बघितलं. "याची आमच्याकडे नोंद नाही. ज्याची नोंदच नाही त्याला काय झालं, हे मला कुणी विचारणार नाही. पण तार नको, टाचणी नको, गंजतात. शिवता येईल का तुम्हाला?"

"ह्यांना?" कालिओपी म्हणाली. "अर्ध्या शहराची लग्नं ह्यांच्या कोटांत लागली हो!"

लिसांद्रोसनं कोटाची कॉलर उलटी केली. तिथं सुई टोचलेली होती, दुकान बंद करून इतकी वर्षं झाली तरी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं. दोरा त्यानं स्वतःच्या कोटाच्या अस्तरातून उसवून काढला. मग सुईत ओवायला घेतला आणि ओवता येईना. ओठांनी ओला केला, चिमटीत चपटा केला, उजेडाकडे धरला. सुईला दोन नेढी दिसत होती आणि दोन्ही हलत होती. दुकानात ओवलेल्या सुयांचा पट्टा रोज सकाळी घरून यायचा. तो कुठून येतो हा प्रश्न, ब्रह्मांडाबद्दल एवढे प्रश्न विचारणाऱ्या लिसांद्रोसला कधी पडला नव्हता. शेवटी मघाशी फोटो काढणारी जर्मन बाई पुढे आली, काही न बोलता त्याच्या हातातून सुई घेतली, एका झटक्यात ओवली, गाठ मारली आणि परत दिली. तिनं गाठही बरी मारली होती.

आता कापड खाली होतं, गुडघ्याच्या उंचीवर. उभं राहून शिवता येण्यासारखं नव्हतं. लिसांद्रोसनं आजूबाजूला पाहिलं, दुसरा काही इलाज आहे का म्हणून, आणि मग दोन्ही गुडघे टेकले. गुडघे कडकडले. पाठीमागं कॅमेरे खडखडले. उद्या हे कुठल्या कुठल्या शहरांत जाईल, श्रद्धाळू ग्रीक म्हातारा म्हणून, आणि तिथल्या कुणाला खरं सांगायला तो जाणार होता थोडाच? त्यानं आधी कोपऱ्यातला झोल दोन आडव्या टाक्यांत मारला, कारण ते बघवत नव्हतं. मग माणसाला कापडावर धरलं, पत्र्याच्या चारी भोकांतून दोरा घेतला, आणि इतक्या बारीक टाक्यांनी शिवला की मखमलीत दोरा दिसेना. त्याला आई आठवत होती, अर्गिरो आठवत होती, आणि मधेच विनाकारण त्याला रडू आलं, पण हात चालूच राहिले. शिवताना रडायची त्याला सवय नव्हती. रडताना शिवायची मात्र होती, बाप गेला त्या आठवड्यात त्यानं तीन सूट दिले होते.

शेवटचा टाका झाल्यावर कालिओपीनं त्याला काखेत धरून उठवलं. वर पारास्केवी होती, लांब नाकाची, ताटलीत डोळे धरलेली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, थोडं बाजूला बघत होती, गिऱ्हाईक असतानाही रस्त्याकडे लक्ष ठेवणाऱ्या दुकानदारणीसारखी. काहीतरी म्हणायला हवं असं त्याला वाटलं. पण त्यानं तोंड मिटलं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याकडे मागणं त्याला बरं दिसेना. पन्नास वर्षं बाईचं अस्तित्व नाकारायचं आणि गरज पडली की हात पसरायचा, एवढा कोडगेपणा त्याच्यात नव्हता. मागायचं ते अर्गिरो मागेल, तिची ओळख आहे. तो टोपी घालून बाहेर पडला. आपण फार सभ्यपणे वागलो असं त्याला उतारभर वाटत राहिलं.

अर्गिरो घराच्या बाहेरच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभीच होती, काळा ओव्हरकोट, हातात बॅग. खाली दारात टॅक्सी होती आणि तिचा चालक सिगरेट संपवत होता. लिसांद्रोसनं धावत जाऊन बॅग घेतली. "शिवलं," तो म्हणाला. "कापडावर. घट्ट. मुका झाला, सगळं झालं. चल."

"कॉलर कशी दिसते रे त्याची?"

"छान बसलीय."

"खोटं बोलतोस. मी हात लावून बघितलंय, मागं सुटलीय. पण दुकानातले बाकीचे त्याहून वाईट होते." ती हसली आणि त्याच्या दंडाला धरून एक पायरी उतरली. मग थांबली. "आणि काय म्हणालास तिला?"

"कधी?"

"बांधून झाल्यावर. मागितलंस ना माझं?"

तिचे दुधाळ डोळे त्याच्या चेहऱ्याच्या जरासे बाजूला बघत होते.

"मला वाटलं तू मागशील," तो म्हणाला.

"स्वतःचं स्वतः मागतात कधी?" अर्गिरोला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "माझ्या आईनं नाही बाई असलं शिकवलं. आपलं दुसऱ्यानं मागायचं. तुझं मी मागितलं. माझं मागायला कोण आहे? मुलगा मेलबर्नला, त्याच्याकडे आता रात्र आहे. एवढा चढ चढून गेलास, गुडघे टेकलेस, कालिओपी म्हणाली रडलासही, आणि मागितलं काहीच नाहीस? मग गेला होतास कशाला, मोजमाप घ्यायला?"

"परत जाऊन येतो." तो वळलासुद्धा.

"आता कुठं जातोस, डॉक्टर थांबलाय तिकडं. इथूनच माग. शेजारीच आहे, ऐकू येतं तिला. फक्त पुटपुटू नकोस. तू पुटपुटतोस."

लिसांद्रोसनं जिन्यातून खाली पाहिलं. टॅक्सीवाला वर बघत होता. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या दोघी थांबल्या होत्या. आज संध्याकाळपर्यंत हे कॉफीच्या दुकानात पोचणार होतं आणि मग जन्मभर सोंगट्या खेळताना त्याला ते ऐकावं लागणार होतं. अर्गिरोचा हात त्याच्या दंडावर होता, आणि तिनं त्याची बाही मुठीत घट्ट आवळून धरली होती. तिलाही भीती वाटत होती. सकाळपासून ती बॅग धरून बसली होती ती हट्टानं नव्हे, भीतीनं, हे त्याला त्या हातावरून कळलं.

त्यानं टोपी काढली. "बाई," तो चढाच्या दिशेनं म्हणाला, "मी लिसांद्रोस. शिंपी. ही माझी अर्गिरो." त्यानं खाकरून घेतलं. "हिचे डोळे... हिचे डोळे मला पाहिजेत."

"मोठ्यानं," अर्गिरो म्हणाली.

तो मोठ्यानं म्हणाला.